मस्टँगचे तीन छिद्रांचे ब्रॅकेट: मागच्या आर्मचा कोन बदलला की नेमकं काय होतं

2005 ते 2014 मधली फोर्ड मस्टँग स्प्रिंग बदलून खाली बसवली की दिसायला सुरेख होते, पण ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैल सरळ शर्यतीच्या ट्रॅकवर, तिची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. हे का होतं आणि मागचा एक्सल धरणाऱ्या आर्मचं टोक खाली नेणारे, दीडशे डॉलरच्या आसपास मिळणारे दोन लोखंडी ब्रॅकेट त्यावर कितपत उपाय आहेत, हे एक मोसम गाडी पळवून मी पाहिलं. माझ्या मते हा भाग घेण्यासारखा आहे. पण तो विकताना जे कारण सांगतात, की मागच्या चाकांवर जास्त वजन येतं, ते बरंचसं चुकीचं असतं, आणि त्या कारणावर विसंबून लावला तर तो चुकीच्या छिद्रात लागतो. म्हणून हा अभिप्राय थोडा लांब आहे.

गाडी 2012 ची जीटी. 5.0 लिटरचं व्ही8, कंपनीच्या आकड्यानुसार 412 हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मागच्या एक्सलचा गिअर रेशो 3.73 करून घेतला आहे. गाडी बनली ती आमच्या कँटनपासून अर्ध्या तासावरच्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात, आणि धावते मायलन ड्रॅगवेवर, म्हणजे मिशिगनबाहेर तिने फारसं काही पाहिलेलं नाही. मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलो, त्यामुळे लोखंडी वस्तू हातात आली की आधी तिची कड आणि छिद्रं बघायची सवय आहे. ब्रॅकेट कोणत्या कंपनीचे ते लिहीत नाही, कारण या गाडीसाठी अनेकजण ते बनवतात आणि मला बोलायचं आहे ते त्या सगळ्यांना लागू पडतं.

या मस्टँगला मागे अखंड एक्सल आहे. 2015 पासून मागची दोन्ही चाकं स्वतंत्र झाली, तेव्हा हे सगळं 2014 पर्यंतच्या गाड्यांपुरतं. एक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारे तीन आर्म असतात: खाली दोन्ही बाजूंना एकेक आणि वर डिफरन्शियलपाशी एकच, आखूड. आडवं सरकणं अडवायला पॅनहार्ड रॉड वेगळा. इंजिनाचा सगळा जोर टायरमधून जमिनीला लागतो आणि जमिनीने दिलेला धक्का याच तीन आर्ममधून बॉडीला पोचतो. स्प्रिंग गाडी ढकलत नाहीत, गाडी ढकलतात ते आर्म. म्हणूनच आर्म कोणत्या कोनात उभे आहेत याला इतकं महत्त्व.

गाडी खाली बसवली की बॉडीकडचं टोक खाली येतं आणि एक्सलकडचं टोक आहे तिथेच राहतं. माझ्या गाडीत खालच्या आर्मचं पुढचं टोक मागच्यापेक्षा अडीच अंश खाली गेलं होतं. म्हणजे एक्सल पुढे रेटताना बॉडीची मागची बाजू उचलण्याऐवजी आर्म तिला खाली ओढायला मदत करत होता. ब्रॅकेट एक्सलला खालच्या बाजूने जोडायचा असतो आणि आर्मचं मागचं टोक त्याच्या छिद्रांपैकी एकात बसतं. आर्म वीसेक इंच लांब धरला तर टोक एक इंच खाली नेलं की कोन जवळपास तीन अंशांनी बदलतो. दिसायला किरकोळ बदल, पण पुढचं सगळं गणित त्यावर फिरतं.

ते गणित मी कागदावर मांडलं, आणि प्रत्येकाने मांडावं असा माझा आग्रह आहे. गाडी चारही चाकांवर उभी, टाकीत नेहमीइतकं पेट्रोल, ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाची वाळूची पोती. आर्मच्या प्रत्येक बोल्टच्या मध्यातून ओळंबा सोडायचा, जमिनीपासूनची उंची आणि एक्सलच्या रेषेपासूनचं अंतर मोजायचं. गॅरेजची फरशी पाणी जावं म्हणून दाराकडे उतरती असते, तो उतार आधी मोजून वजा करायचा. मग बाजूने पाहिल्यासारखं चित्र काढायचं. वरच्या आर्मची रेषा आणि खालच्या आर्मची रेषा पुढे वाढवत नेली की त्या एका बिंदूत मिळतात. त्याला इन्स्टंट सेंटर म्हणतात. जोर लागतो तेव्हा मागचा एक्सल जणू त्या बिंदूभोवती फिरायला बघतो.

आता मागचं टायर जमिनीला टेकतं तिथून त्या बिंदूतून एक रेषा काढा आणि पुढच्या चाकापर्यंत न्या. तिथे ती जमिनीपासून जितकी उंच येईल, ती उंची गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीशी ताडून बघायची. दोन्ही सारख्या असल्या तर 100 टक्के अँटी-स्क्वॅट. तेव्हा सुटताना मागची बाजू ना बसते ना उठते. त्याहून कमी असेल तर बसते, जास्त असेल तर उठते.

गुरुत्वमध्य मी 21 इंचावर धरला. व्हीलबेस 107 इंच. ब्रॅकेट लावण्याआधी माझा बिंदू एक्सलच्या 51 इंच पुढे आणि जेमतेम पावणेसहा इंच उंच होता, म्हणजे 60 टक्क्यांच्याही खाली. वरच्या छिद्रात आर्म सपाटीच्या जरा वर, एक अंशावर आला आणि आकडा 87 टक्क्यांवर गेला. मधल्या छिद्रात तीन अंश. बिंदू 41 इंच पुढे, 8.2 इंच उंच. 8.2 भागिले 41 म्हणजे 0.2, गुणिले 107 म्हणजे 21.4 इंच. शंभरच्या किंचित वर. सगळ्यात खालच्या छिद्रात पाच अंश, आणि टक्केवारी 115 च्या आसपास. बिंदू फक्त दोनच इंच मागे सरकला, पण गाडी पार वेगळी वागू लागली.

आता विक्रीच्या त्या कारणाकडे येतो. अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं की ब्रॅकेटमुळे मागच्या चाकांवर जास्त वजन येतं. हे खरं नाही. सुटताना किती भार मागे जाणार हे चार गोष्टी ठरवतात: गाडीचं वजन, वेग किती झपाट्याने वाढतो, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस. माझी गाडी मला धरून 1700 किलो. 0.9 जी ने, म्हणजे गुरुत्वाच्या नऊ-दशांश त्वरणाने, सुटली तर सुमारे 300 किलो मागे जातात. आर्म वर करा, खाली करा, त्या समीकरणात आर्मच्या कोनाला जागाच नाही.

मिशिगनमधल्याच लोकांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. क्रायस्लरमधल्या इंजिनिअरांनी मिळून रॅमचार्जर्स नावाचा गट केला आणि 1949 च्या प्लिमथची एक विचित्र दिसणारी गाडी बांधली. तिचं नाव हाय अँड माइटी. 1959 मध्ये एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या अमेरिकी संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धा डेट्रॉइटला झाल्या तेव्हा ती तिथे धावली. तिची बॉडी मुद्दाम उंच चढवलेली होती, कारण भार मागे न्यायचा तर गुरुत्वमध्य वर हवा. तिचे फोटो बघताना आजही माझं मन भरून येतं. हाताशी असलेल्या समीकरणाला इतक्या सरळपणे उत्तर देणारी गाडी विरळा.

मग ब्रॅकेट करतात काय? तो भार टायरपर्यंत कोणत्या वाटेने आणि किती झटकन जातो, ते बदलतात. अँटी-स्क्वॅट कमी असेल तर बॉडी आधी मागे बसते, स्प्रिंग दबतात आणि त्यातून भार टायरवर उतरतो. याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात टायरची पकड सुटलेली असते. अँटी-स्क्वॅट शंभराच्या जवळ असेल तर तोच भार लोखंडी आर्ममधून सरळ, जवळपास त्याच क्षणी टायरवर येतो. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात हमालाच्या पाठीवर गुळाचा रवा, म्हणजे मोठी ढेप, अलगद ठेवला काय किंवा वरून टाकला काय, वजन तेवढंच असतं, पण त्याचे पाय कसे टेकतात ते त्या पहिल्या क्षणात ठरतं. शंभराच्या फार पुढे गेलात तर आणखी एक भानगड होते. बॉडीची मागची बाजू झपाट्याने वर उठते, त्या उठण्याची प्रतिक्रिया टायरला जमिनीत दाबते, आणि उठणं संपलं की तो दाब एकदम सुटतो. शिवाय बॉडी उठली की आर्मचं पुढचं टोक आणखी वर जातं, कोन आणखी वाढतो. म्हणजे ही गोष्ट स्वतःच स्वतःला वाढवते.

आता वस्तूबद्दल. पोलाद जाड आहे, लेझरने कापलेलं, कडा साफ, तिन्ही छिद्रं गोल आणि बोल्टला घट्ट. मागच्या टोकाचा मूळ बोल्ट ब्रॅकेटमधून जातो आणि वर आणखी एका बोल्टने तो एक्सलच्या मूळ कानाला, म्हणजे आर्म जोडायच्या पट्टीला, आवळला जातो. माझ्या डाव्या ब्रॅकेटवर पावडर कोटिंगचा थर इतका जाड होता की तो कानावर नीट बसेना. कानशीने घासून घ्यावा लागला. मोठी तक्रार नाही, पण कोटिंगवर आवळलेला बोल्ट पुढे सैल पडतो, म्हणून जिथे लोखंड लोखंडाला टेकतं तिथलं कोटिंग सगळ्यांनीच काढून टाकावं.

पेटीतल्या कागदावर वेल्डिंग ऐच्छिक म्हटलं आहे. फक्त रस्त्यावर चालवणार असाल तर ठीक. स्ट्रिपवर चिकट टायर लावून सुटणार असाल तर वेल्ड करूनच घ्या. आर्म जितका खाली नेला तितकी त्याची तरफ वाढते, आणि ती सगळी ओढ एक्सलच्या त्या पातळ कानावर येते. मी ब्रॅकेट बोल्टवर बसवून, टॅक मारून, मग एक्सलची नळी तापून वाकू नये म्हणून थोडं थोडं थांबून सांधे पूर्ण करून घेतले. त्यावर लगेच प्रायमर आणि रंग. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि उघडा सांधा एका हिवाळ्यात लाल होतो.

बसवताना दोन गोष्टी सुटतात असं मी इतरांच्या गाड्यांखाली पाहिलं आहे. आर्मला रबरी बुश असतील तर शेवटचा पाना गाडी चाकांवर किंवा एक्सलखाली घोड्या लावून, पूर्ण वजन घेतलेल्या स्थितीतच मारायचा. एक्सल लोंबकळत असताना आवळलं तर बुश कायमचं पिळलेलं राहतं. दुसरं म्हणजे पिनियनचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला जोडलेल्या एक्सलमधल्या छोट्या गिअरचा, कोन. आर्मचं टोक खाली गेलं की एक्सलचं घर किंचित फिरतं आणि प्रोपेलर शाफ्टशी असलेला कोन बिघडतो. म्हणून वरचा आर्म कमी-जास्त करता येणारा हवाच. त्याची किंमत ब्रॅकेटपेक्षा जास्त पडते आणि तो पेटीत येत नाही, हे आधीच धरून चाला. माझ्याकडे मी पिनियनचं नाक शाफ्टच्या मानाने दीड अंश खाली ठेवलं आहे. जोर लागला की ते वर येऊन रेषेत बसतं. प्रत्येक वेळी छिद्र बदललं की हे पुन्हा मोजायचं.

स्ट्रिपवर मी एका संध्याकाळी एकच छिद्र वापरलं. टायर 17 इंची रिमवरचे ड्रॅग रेडियल, म्हणजे शर्यतीसाठीचे चिकट रेडियल टायर, दाब 18 पीएसआय, सुटतानाचे आरपीएम तेच. ऑटोमॅटिक असल्यामुळे क्लच पायाने कसा सोडला हा प्रश्नच नव्हता. तुलना करायची ती पहिल्या 60 फुटांच्या वेळेची, कारण कोनाचा परिणाम तिथेच दिसतो. पुढचा पाव मैल बराचसा इंजिनाचा. कँटनमधलाच एक मित्र, मूळचा साताऱ्याचा, भिंतीमागून फोनवर मागच्या चाकाचं संथ चित्रण करायचा. टायर आणि फेंडर यांच्यातली फट वाढते की मिटते, टायरची बाजू कधी सुरकुतते आणि कधी सरळ होते, हे त्यात स्वच्छ दिसतं. वेळेच्या चिठ्ठीइतकंच त्या चित्रणाने मला शिकवलं.

ब्रॅकेटआधी 60 फूट 1.92 ते 1.98 सेकंद, आणि चित्रणात फट मिटत असतानाच टायर फिरताना दिसतं. वरच्या छिद्रात 1.84 च्या आसपास. गाडी अजून थोडी बसते, पण चाक फिरतं ते नंतर, आणि कमी. मधल्या छिद्रात 1.76 ते 1.78, संध्याकाळभर. फट जवळपास तेवढीच राहते, टायर एकदा सुरकुततं आणि गाडी निघते. सगळ्यात खालच्या छिद्रात सर्वांत चांगली वेळ मिळाली, 1.74. पण त्याच संध्याकाळी 1.86 सुद्धा. चित्रणात कारण दिसलं: मागची बाजू झटक्याने उठते, टायर जोरात दबतं आणि लगेच फुलतं, आणि तेवढ्या क्षणात रेडियल टायरची पकड सुटते. जुन्या बांधणीच्या, बाजू मऊ असलेल्या स्लिक टायरला असा फटका आवडतो, ते सुरकुतून तो पचवतं. रेडियलला एकसारखा दाब हवा असतो. खालचं छिद्र वापरायचं असेल तर उघडण्याचा वेग आवळता येईल असे मागचे शॉक हवेत, नाहीतर तो 1.74 चा कागद जपून ठेवण्यापलीकडे उपयोग नाही. माझे शॉक साधे आहेत, म्हणून माझी गाडी मधल्या छिद्रात आहे.

रेषेपलीकडचं वागणंही सांगायला हवं. खालच्या छिद्रात पाव मैल संपल्यावर जोरात ब्रेक मारला की मागचा एक्सल थडथडतो. ब्रेक मारताना सगळे जोर उलटे होतात, आणि सुटताना बॉडी उचलणारी रचना आता तीच बॉडी खाली खेचून टायरवरचं वजन काढून घेते. तिथे वेग सर्वाधिक असतो, तेव्हा ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. मधल्या छिद्रात मला ती जाणवलेली नाही.

वळणावर दुसरा परिणाम. आर्म मागे खाली उतरता असला की बॉडी कलताना बाहेरचं चाक मागे सरकतं, आतलं पुढे, आणि एक्सल स्वतःच थोडा वळून गाडीची शेपटी बाहेर ढकलतो. अ‍ॅन आर्बरकडे जाणाऱ्या हायवेच्या गोल रॅम्पवर मधल्या छिद्रातही हे हाताला कळतं. मला चालतं. घरातलं दुसरं कोणी ओल्या रस्त्यावर ही गाडी चालवणार असेल तर वरचं छिद्र ठेवा. ब्रॅकेट खाली लोंबतात हेही लक्षात असू द्या. वसंतात बर्फ वितळून रस्त्यांना खड्डे पडतात, तेव्हा गाडीखाली सगळ्यात आधी टेकणारी वस्तू हीच.

उजवं चाक आधी फिरत असेल तर त्यासाठी दोन बाजूंना दोन वेगळी छिद्रं वापरू नका. शाफ्टचा पीळ अखंड एक्सलच्या उजव्या चाकावरचं वजन हलकं करतो, आणि त्यावरचा जुना उपाय म्हणजे उजव्या स्प्रिंगच्या आत हवेची पिशवी. ती स्वस्त आहे, आणि दाब बदलून हवा तेवढा परिणाम घेता येतो.

काही जण विचारतात, टॉप फ्युएलच्या, म्हणजे ड्रॅग शर्यतींच्या सर्वांत वेगवान वर्गातल्या, गाड्यांना तर मागे सस्पेन्शनच नसतं, मग आपण एवढं का मोजायचं? त्यांचा एक्सल चेसीला थेट बांधलेला असतो. प्रचंड मऊ टायर, पंखाचा दाब आणि टप्प्याटप्प्याने घट्ट होणारा क्लच मिळून ती कामं करतात. यातलं काहीच आपल्याकडे नाही. उलट प्रो स्टॉक या दुसऱ्या ड्रॅग वर्गातले लोक बघा. त्यांच्याकडे चार आर्मची रचना असते, एकावर एक छिद्रांची रांग, आणि ट्रॅक बदलला की ते आर्म एका छिद्रातून दुसऱ्यात नेतात. आपले हे तीन छिद्रांचे ब्रॅकेट त्याच विद्येचा अगदी छोटा तुकडा आहेत, आणि साध्या पगारदार माणसाला ती घरच्या गॅरेजमध्ये शिकता येते हे मला फार मोलाचं वाटतं.

गाडी मूळ उंचीवर असेल आणि तुम्ही रस्त्याचेच टायर वापरत असाल तर हे ब्रॅकेट घेऊ नका. त्या पैशात आधी चांगले टायर घ्या. गाडी इंच-दीड इंच खाली बसवली असेल आणि स्ट्रिपवर जात असाल तर घ्या. सोबत कमी-जास्त होणारा वरचा आर्म आणि वेल्डिंगचा खर्च धरा. रेडियल टायर आणि साधे शॉक असतील तर मधल्या छिद्रापासून सुरुवात करा. स्ट्रिपवरच्या पहिल्या संध्याकाळनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. माझ्याकडे उजवीकडचा वरचा बोल्ट जवळपास पाव फेरा आणखी फिरला होता.